सिग्नलला थरथरणारा ट्रक

आज सुरुवातीलाच एक आवाज ऐका. हेडफोन असेल तर लावा, मोबाईलच्या स्पीकरवर यातली गंमत कळणार नाही.

[इंजिनचा आवाज, साधारण पंधरा सेकंद]

ऐकलंत? धड-धड-धड, मध्येच एक ठोका गाळल्यासारखा, मग दोन ठोके घाईघाईने, आणि मग सगळं इंजिन अंग झटकल्यासारखं हलतं. आपल्याकडचा मेकॅनिक म्हणेल, "गाडी मिसिंग मारतेय." हा आवाज आहे १९७९ सालच्या फोर्ड एफ-१५० पिकअप ट्रकचा. सहा सिलिंडर, पेट्रोल, कार्ब्युरेटर. रस्त्यावर पळताना हा ट्रक अगदी शहाण्यासारखा वागतो. सिग्नलला उभा राहिला की थरथरायला लागतो.

आजचा अख्खा भाग या थरथरीवर आहे. इतिहासाच्या पॉडकास्टवर गॅरेज कुठून आलं, असं वाटेल. पण या एका थरथरीचं कारण शोधायला गेलं की लॉस एंजेलिसचा धूर लागतो, अमेरिकेच्या संसदेतला एक कायदा लागतो, त्या कायद्यातली एक पळवाट लागते आणि शेवटी आपली पीयूसी लागते. आणि यातलं काही माहीत नसेल तर बिघाड सापडायला फार वेळ जातो, असं माझं मत झालंय. का, ते सांगतो.

आधी थोडं यंत्र समजून घेऊ. ज्यांनी २०२० च्या आधीची बाइक चालवलीय त्यांच्यातल्या बहुतेकांनी कार्ब्युरेटर वापरलाय, भले तो कधी उघडून बघितला नसेल. कल्पना साधी आहे. हवा अरुंद गळ्यातून जोरात जाते तेव्हा तिथला दाब कमी होतो. बर्नुलीने १७३८ मध्ये आणि व्हेंचुरीने १७९७ मध्ये याच प्रकारच्या गोष्टींवर लिहिलं होतं, तेव्हा मोटारगाडी कुणाच्या स्वप्नातही नव्हती. पुढे १८९३ च्या सुमाराला जर्मनीत मायबाखने आणि हंगेरीत बांकी आणि चोंका या जोडीने हेच तत्त्व पेट्रोलला लावलं. गळ्यात दाब कमी झाला की बाजूच्या वाटीतलं पेट्रोल आपोआप वर खेचलं जातं आणि फवाऱ्यासारखं हवेत मिसळतं. ना पंप, ना सेन्सर, ना कॉम्प्युटर. जितकी हवा जास्त, तितकं पेट्रोल जास्त.

आता गोची बघा. तुम्ही ॲक्सिलरेटरवरून पाय काढलात. हवेच्या वाटेवरची थ्रॉटलची चकती जवळजवळ बंद झाली. गळ्यातून जाणारी हवा इतकी मंदावली की मुख्य नळीतून पेट्रोल वर येईचना. म्हणजे गाडी उभी केली की इंजिन बंद पडायला हवं. ते पडू नये म्हणून कार्ब्युरेटरमध्ये एक वेगळी बारीक वाट ठेवलेली असते. ही वाट चकतीच्या खालच्या बाजूला उघडते. वरून दार बंद आणि खालून पिस्टन हवा ओढतायत, त्यामुळे तिथे जबरदस्त ओढ तयार होते. याला व्हॅक्यूम म्हणतात. त्या ओढीने बारीकशा भोकातून थोडंसं पेट्रोल येतं आणि इंजिन कसंबसं फिरत राहतं. हे आयडलिंग.

स्वयंपाकघरात गॅस बारीक करून ठेवला की कसं होतं? मोठ्या आचेवर खिडकीतून वारा आला तरी काही बिघडत नाही. बारीक केलेली ज्योत एका झुळकीने फडफडते. इंजिनाचंही तसंच. पळताना ते दहा दोष पोटात घालतं. आयडलिंगला हवा कमी, पेट्रोल कमी, त्यात आधीच्या ठोक्याचा जळका वायू सिलिंडरमध्ये उरलेला. अशा वेळी नको असलेली थोडीशी हवा कुठून आत शिरली तरी ज्योत फडफडते. म्हणून दोष कुठलाही असो, तो बहुतेक वेळा पहिल्यांदा दिसतो आयडलिंगला.

आणि गंमत म्हणजे, आयडलिंगला तयार होणारी ती ओढ फुकटची असते. त्यामुळे इंजिनियर लोकांनी तिला वर्षानुवर्षं कामाला जुंपलं. जुन्या ट्रकांचे वायपर तिच्यावर चालायचे. ब्रेकला जोर तिच्यातून मिळायचा. ठिणगी थोडी आधी पाडायचं कामही तीच करायची. प्रत्येक कामाला एक रबरी नळी. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपलाही इंजिनाच्या पोटातले वायू परत आत ओढून घेणारा एक छोटा व्हॉल्व्ह होता. तीच जीप पुढे महिंद्रांनी मुंबईत जोडायला घेतली, त्यामुळे हा भाग आपल्या ओळखीचा म्हणायला हरकत नाही.

ट्रकचं म्हणाल, तर कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात स्वातंत्र्याच्या वर्षापासून डॉज आणि फार्गो ट्रक जोडले जायचे. पण १९५४ मध्ये जमशेदपूरहून टाटा-मर्सिडीजचे डिझेल ट्रक निघायला लागले आणि हळूहळू आपल्याकडे ट्रक म्हणजे डिझेल हे समीकरण पक्कं झालं. डिझेलला कार्ब्युरेटर नसतोच. अमेरिकेत तसं झालं नाही. तिकडे शेतकरी, सुतार, प्लंबर सगळे पेट्रोलवरचे पिकअप चालवत राहिले. म्हणून पुढची सगळी गोष्ट तिकडची आहे.

चला लॉस एंजेलिसला. २६ जुलै १९४३. शहरावर इतका दाट, डोळे चुरचुरवणारा धूर पसरला की लोकांना वाटलं जपानने विषारी वायूचा हल्ला केला. युद्ध चालू होतं, त्यामुळे शंका अगदीच वेडगळ नव्हती. आधी दोष गेला रबर बनवणाऱ्या एका कारखान्यावर. तो बंद केला, धूर गेला नाही. मग घरामागे कचरा जाळणारे, मग तेलशुद्धीकरण कारखाने. मोटारगाडीवर कुणी बोट ठेवायला तयार नव्हतं. ते शहरच मोटारीवर उभं होतं.

बोट ठेवलं एका माणसाने, आणि तो मोटारींचा तज्ज्ञ नव्हता. आरी हागेन-स्मित, मूळचा नेदरलँड्सचा रसायनशास्त्रज्ञ, कॅलटेकमध्ये अननसाला वास कशामुळे येतो यावर काम करत होता. हवेतले बारीकसारीक वायू पकडायची साधनं त्याच्याकडे होती. ती त्याने शहराच्या हवेला लावली. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने दाखवून दिलं की अर्धवट जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजनचे ऑक्साइड यांच्यावर कॅलिफोर्नियाचं ऊन पडलं की ओझोन तयार होतो, आणि डोळे चुरचुरतात ते त्यामुळे. तेल कंपन्यांनी त्याच्यावर टीका केली. लॉस एंजेलिस काउंटीचे लोकप्रतिनिधी केनेथ हान १९५३ पासून डेट्रॉइटच्या कंपन्यांना पत्रं लिहीत राहिले. फोर्डकडून त्यांना उत्तर आलं ते असं की हे वायू हवेत लगेच विरून जातात, त्यामुळे प्रदूषणाचा प्रश्न येत नाही.

आता नीट लक्ष द्या. अर्धवट जळलेलं पेट्रोल गाडीतून सगळ्यात वाईट प्रमाणात कधी बाहेर पडतं? गाडी उभी असताना, आणि वेगातून एकदम पाय काढल्यावर. म्हणजे जिथे इंजिन सगळ्यात अशक्त, नेमकं तिथेच ते सगळ्यात घाण. त्या काळातले कार्ब्युरेटर आयडलिंगला मुद्दाम जास्त पेट्रोल देत. जास्त पेट्रोल म्हणजे ज्योत विझायची भीती नाही, इंजिन मस्त गुळगुळीत चालतं. गिऱ्हाईक खूश, मेकॅनिक खूश. फक्त फुटपाथवरून चालणाऱ्याच्या छातीत कार्बन मोनॉक्साइड जातोय. जुने लोक सांगतात ना की आमच्या वेळच्या गाड्या कशा लोण्यासारख्या चालायच्या? त्या लोण्यातला बराचसा भाग हा होता.

मग कायदे आले. आधी कॅलिफोर्नियात, मग सगळीकडे. आणि दर नव्या नियमासाठी इंजिनावर एक नवी वस्तू आणि एक नवी नळी चढली. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला इंजिनाच्या पोटातले वायू रस्त्यावर सोडणारी नळी गेली आणि पीसीव्ही व्हॉल्व्ह आला, म्हणजे जीपला होता तोच प्रकार. त्या दशकाच्या शेवटी आयडलिंगचं मिश्रण पातळ केलं गेलं. मेकॅनिकने पुन्हा घट्ट करू नये म्हणून मिश्रणाच्या स्क्रूवर प्लॅस्टिकच्या टोप्या बसल्या, स्क्रू थोडासाच फिरायचा. ३१ डिसेंबर १९७० ला अध्यक्ष निक्सन यांनी स्वच्छ हवेच्या कायद्यावर सही केली. त्यात मोटारींच्या धुरातले मुख्य वायू पाच-सहा वर्षांत ९० टक्क्यांनी कमी करा, अशी अट होती. १९७३ च्या आसपास ईजीआर आला. हा आपल्या गोष्टीतला मुख्य आरोपी आहे, त्याच्याकडे येतो.

या सगळ्यात मला आवडणारी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. अमेरिकन कंपन्या एकीकडे हे जमणारच नाही म्हणून रडत होत्या, आणि होंडा नावाच्या मोटरसायकलवाल्या कंपनीने सीव्हीसीसी नावाचं इंजिन काढलं. ते १९७५ च्या मर्यादा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर न लावता पाळत होतं, आणि त्यातही कार्ब्युरेटरच होता. जनरल मोटर्सच्या बड्या साहेबाने म्हटलं की हे छोट्या खेळण्यातल्या इंजिनांना ठीक आहे. होंडाने मग त्यांचीच एक भलीमोठी शेव्हरोले इंपाला विकत घेतली, तिच्या व्ही-८ इंजिनावर आपलं तंत्र बसवलं आणि ती परीक्षेत पास करून दाखवली. थोडक्यात, इंजिन मुळातून नव्याने विचार करून बनवता येत होतं. डेट्रॉइटने ठिगळं लावायचं ठरवलं.

आणि फोर्डने ट्रकच्या बाबतीत काय केलं? १९७५ पासून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला. त्याला शिसं चालत नाही, म्हणजे बिनशिशाचं पेट्रोल घालणं आलं. पण हे कडक नियम ६००० पौंडांपर्यंतच्या गाड्यांना होते. ६००० पौंड म्हणजे साधारण २७२० किलो, आणि हे गाडीचं नुसतं वजन नव्हे, तर मालासकट परवानगी असलेलं एकूण वजन. फोर्डचा एफ-१०० त्या मर्यादेत बसत होता. मग कंपनीने त्याच्या वर एक नवं मॉडेल आणलं, मर्यादेच्या किंचित पलीकडचं. ते एफ-१५०. आज अमेरिकेत ज्या नावाचा इतका अभिमान आहे, ते नाव एका पळवाटेतून जन्माला आलंय. मग सरकारने १९७९ च्या मॉडेलपासून ही रेषा उचलून ८५०० पौंडांवर नेली आणि एफ-१५० जाळ्यात आला. तुम्ही मघाशी ज्याचा आवाज ऐकलात, तो बरोब्बर त्याच वर्षीचा.

हा ट्रक माझ्या आतेभावाचा. तो मिशिगनमध्ये असतो, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा, आम्ही सगळे त्याला दादा म्हणतो. त्याने गेल्या वर्षी हा ट्रक हौसेने घेतला. यात फोर्डचं '३००' नावाचं इंजिन आहे, म्हणजे ३०० घनइंच, ४.९ लिटर, सहा सिलिंडर एका ओळीत. १९६५ ते १९९६ इतकी वर्षं हे इंजिन बनत होतं. मजबुतीसाठी प्रसिद्ध. वर एकच गळा असलेला कार्टर कंपनीचा कार्ब्युरेटर. दादाने दोन गॅरेजं केली. एकाने प्लग आणि वायरी बदलल्या, दुसऱ्याने कार्ब्युरेटर उघडून साफ केला. थरथर तशीच.

मग त्याने मला आवाज पाठवला. "तू इतिहासाचं बघतोस ना, हा पण इतिहासच आहे," असं वर म्हणाला. मी म्हटलं, "दादा, मला इंजिनातलं कळतं ते वाचून. तुझ्या गल्लीत कुणी जुनाजाणता नाही का?" होता. तीन घरं सोडून एक निवृत्त मेकॅनिक, सत्तरी पार केलेले. दोन शनिवार ते, दादा आणि व्हिडिओ कॉलवर मी. त्या म्हाताऱ्यांनी जे केलं ते इथे सांगतो, कारण ते ज्या क्रमाने केलं तो क्रम मोलाचा आहे.

कार्ब्युरेटरला त्यांनी हातच लावला नाही. पहिला प्रश्न विचारला, "थंड असताना कसा चालतो?" दादा म्हणाला, "थंड असताना बरा. दहा मिनिटांनी बिघडतो." ते नुसते हं म्हणाले. हे उत्तर लक्षात ठेवा.

मग त्यांनी एक डायल काढलं, व्हॅक्यूम गेज. याला नळी जोडायची आणि इंजिनाची ओढ मोजायची, पाऱ्याच्या इंचांत. समुद्रसपाटीच्या जवळपास धडधाकट इंजिन आयडलिंगला १७ ते २१ दाखवतं, काटा स्थिर. दर हजार फूट उंचीला एकेक इंच कमी धरायचा, म्हणजे पुण्यात साधारण दोन इंच कमी. हे यंत्र म्हणजे इंजिनाचा स्टेथोस्कोप. काटा ठराविक अंतराने खाली आपटत असेल तर एखादा व्हॉल्व्ह जळलाय किंवा एक सिलिंडर ठोका गाळतोय. काटा झरझर थरथरत असेल आणि वेग वाढवल्यावर स्थिर होत असेल तर व्हॉल्व्हच्या गाइड झिजल्यात. सावकाश चार-पाच इंच खाली-वर डोलत असेल तर मिश्रण चुकलंय. आणि स्थिर पण खाली असेल तर कुठून तरी हवा शिरतेय, किंवा ठिणगी उशिरा पडतेय. दादाच्या ट्रकचा काटा चौदाच्या खाली होता, जवळजवळ स्थिर. वेग वाढवला की सगळं गुळगुळीत.

जळक्या व्हॉल्व्हची शंका त्यांनी तरीही घेतली, आणि त्यामागे पुन्हा इतिहास. १९२० च्या दशकापासून पेट्रोलमध्ये शिसं घालत. टॉमस मिजली याने ते शोधलं, इंजिनाचा खडखडाट थांबवायला. पण त्या शिशाचा एक थर व्हॉल्व्हच्या बैठकीवर बसायचा आणि ती झिजू द्यायचा नाही. शिसं गेल्यावर जड ओझं ओढणाऱ्या जुन्या इंजिनांच्या बैठका झिजायला लागल्या, आणि ट्रक म्हणजे ओझं आलंच. शिसं जायलाच हवं होतं, मुलांच्या मेंदूला ते काय करतं हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. आपल्याकडे ते देशभर १ फेब्रुवारी २००० पासून गेलं. पण जुनं इंजिन हातात आलं की हा प्रश्न विचारावा लागतो. त्यांनी सायलेन्सरच्या तोंडाशी एक डॉलरची नोट धरली. व्हॉल्व्ह गळत असेल तर नोट मधूनमधून आत ओढली जाते. ती एकसारखी बाहेर फडफडत राहिली. मग रबरी हातमोजे घालून एकेका प्लगची वायर काढून तिचं तोंड जमिनीला जोडलं. सहाही वेळा इंजिनाचा वेग सारखाच पडला. म्हणजे दोष एका सिलिंडरचा नाही, तो सहाही जणांच्या ताटात सारखाच वाढला जातोय.

तेव्हा उरली हवेची गळती. इथे एक सूचना, कारण तुमच्यातला कुणीतरी हे घरी करून बघणार. गळती शोधायला लोक जोडांवर कार्ब्युरेटर क्लीनर फवारतात, जिथे इंजिनाचा आवाज बदलला तिथे गळती. पण फोर्डच्या या इंजिनात हवा आत नेणारा आणि धूर बाहेर काढणारा असे दोन्ही मॅनिफोल्ड एकाच बाजूला, एकमेकांना चिकटून असतात. तापलेल्या लोखंडावर तो फवारा पडला तर भडका उडतो. त्या म्हाताऱ्यांनी न पेटवलेल्या प्रोपेन टॉर्चला नळी लावली आणि ती नळी जोडांवरून नाजूकपणे फिरवली. आवाज बदलला नाही. पीसीव्ही व्हॉल्व्ह काढून हलवला, खुळखुळ वाजला, म्हणजे मोकळा. तोंडावर अंगठा ठेवला, ओढ लागली. तोही ठीक.

दादाचा धीर सुटत चालला होता. "कार्ब्युरेटरच बदलू का नवा?" म्हाताऱ्यांनी मान हलवली आणि मिश्रणाचा स्क्रू थोडा आत-बाहेर फिरवून दाखवला. इंजिनाला काही फरकच पडला नाही. हा फार मोठा पुरावा आहे, आणि मला तो त्या दिवशी पहिल्यांदा नीट समजला. कुणीतरी आधी थरथर झाकायला आयडलिंगचा वेग वाढवून ठेवला होता. वेग वाढवायचा म्हणजे थ्रॉटलची चकती जरा उघडून ठेवायची. ती जास्त उघडली की आयडलिंगच्या बारीक भोकाशिवाय वरच्या एका फटीतूनही पेट्रोल यायला लागतं, आणि स्क्रूचा ताबा सुटतो. थोडक्यात, दुखणं वेगळीकडेच आणि वर वेदनाशामक गोळी चालू.

मग त्यांनी बॉनेटखालचा कागद वाचला. १९७० च्या दशकापासून अमेरिकन गाड्यांच्या बॉनेटखाली एक स्टिकर असतो, धुराच्या नियमांसाठी लावलेला. आयडलिंगचा वेग किती, ठिणगी किती अंशांवर, हे त्यावर छापलेलं असतं, आणि बऱ्याच गाड्यांत कुठली नळी कुठे जाते याचा नकाशाही. फाटका, तेलकट. लोक तो वाचतच नाहीत. त्यांनी एका नळीवर बोट ठेवून ती कागदावर शोधली, मग दुसरी, मग तिसरी. चौथ्या नळीवर थांबले. ती ईजीआरची होती.

ईजीआर म्हणजे जळका धूर थोडासा परत सिलिंडरमध्ये घालायची सोय. ऐकायला विचित्र वाटतं. पण जळून गेलेला वायू पुन्हा जळत नाही, तो आतलं तापमान खाली आणतो, आणि तापमान खाली आलं की नायट्रोजनचे ऑक्साइड कमी तयार होतात. तेच, हागेन-स्मितने ओळखलेले. पळताना हे इंजिनाला चालतं. आयडलिंगला अजिबात चालत नाही, बारीक ज्योतीवर धूर सोडल्यासारखं होतं. म्हणून ईजीआरला ओढ द्यायची ती अशा भोकातून, जे चकतीच्या जरासं वर असतं. चकती बंद असताना तिथे ओढ शून्य, ईजीआर बंद. चकती उघडली की ओढ सुरू, ईजीआर उघडा. आणि थंड इंजिनाला त्रास नको म्हणून मध्ये एक उष्णतेवर चालणारा स्विच. पाणी तापलं की तो वाट मोकळी करतो.

दादाच्या ट्रकमध्ये ती नळी चकतीच्या खालच्या भोकाला जोडलेली होती. जिथे आयडलिंगला ओढ सगळ्यात जास्त. म्हणजे ट्रक उभा राहिला की ईजीआर पूर्ण उघडा. आणि थंड असताना बरा का? तर स्विच बंद होता म्हणून. पहिल्याच प्रश्नाचं उत्तर होतं ते. त्यांनी नळी उपटली आणि भोकावर बोट ठेवलं. इंजिन एकदम मोकळा श्वास घेतल्यासारखं वर चढलं, काटा एकोणीसवर. नळी योग्य भोकाला लावली, वेगाचा स्क्रू मागे घेतला, आणि आता मिश्रणाचा स्क्रू पुन्हा ऐकायला लागला.

नळी चुकीच्या जागी आली कशी? आधीच्या कुण्या मालकाने हे सगळं काढून टाकलं असणार, आणि पुढच्या कुणीतरी परत लावताना अंदाजाने लावलं. तेव्हा हे सर्रास चालायचं. लोकांना या नळ्यांचा राग होता. सरकारने आमच्या ट्रकची ताकद चोरली, अशी भावना होती. नळ्या कापायच्या, तोंडात स्क्रू कोंबायचा, कन्व्हर्टर काढून साधा पाइप घालायचा. १९७७ च्या दुरुस्तीने गॅरेजवाल्यांना ही उपकरणं काढायला बंदी झाली. मालकाने स्वतःच्या हाताने काढण्यावर देशाच्या कायद्यात बंदी आली ती थेट १९९० मध्ये. मधल्या तेरा वर्षांत घरोघरच्या शेडमध्ये काय काय झालं असेल, त्याचा एक नमुना दादाच्या बॉनेटखाली सापडला.

मला त्या रागाची एक बाजू कळते. गिऱ्हाइकाला कुणी समजावून सांगितलं नाही, मेकॅनिकला धड शिकवलं नाही, आणि कंपन्यांनी मुळातून इंजिन सुधारायच्या ऐवजी नळ्यांचं जंजाळ त्याच्या गळ्यात मारलं. पण त्या कापलेल्या नळ्यांचा धूर गेला तो शेजाऱ्याच्या पोराच्या फुप्फुसात. लॉस एंजेलिसची हवा आज १९५० च्या दशकापेक्षा कितीतरी स्वच्छ आहे, गाड्या कित्येक पटींनी वाढूनही. ते त्या नळ्यांनी आणि त्यांच्यानंतर आलेल्या कॉम्प्युटरने केलंय.

१९८० च्या दशकात कार्ब्युरेटरलाच कॉम्प्युटर जोडायचा प्रयत्न झाला, तो प्रकार फार गुंतागुंतीचा होता, त्यात शिरत नाही. फोर्डच्या या ३०० इंजिनावर १९८७ मध्ये फ्युएल इंजेक्शन आलं आणि प्रश्न संपला. आयडलिंगला किती हवा, किती पेट्रोल, हे आता सेकंदाला कित्येकदा मोजलं जातं. थरथर होण्याआधीच दुरुस्त.

आपल्याकडे हाच प्रवास उशिरा झाला. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत आयडलिंगच्या धुराला मर्यादा आली. चारचाकीला कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के, दुचाकी-तीनचाकीला ४.५ टक्के. पेट्रोल पंपावर पीयूसीवाला सायलेन्सरमध्ये नळी घालतो तेव्हा तो गाडी पळवून बघत नाही, उभी ठेवूनच बघतो, ते याच नियमांमुळे. १९९५ मध्ये मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला. आणि एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ आल्यावर जवळपास सगळ्या नव्या बाइकवरूनही कार्ब्युरेटर गेला.

तरी रस्त्यावर लाखो जुने कार्ब्युरेटर अजून आहेत, आणि त्यांच्या पोटात आता इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जातंय. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते. जुन्या कार्ब्युरेटरला हे कळायची सोयच नाही, तो जुन्याच मापाने पेट्रोल देत राहतो, त्यामुळे मिश्रण आणखी पातळ होतं. कुठे जाणवेल ते? पळताना क्वचितच. सिग्नलला उभं राहिल्यावर.

दादाचा ट्रक आता कसा वाजतो तेही ऐकून घ्या. हे गरम इंजिनाचं रेकॉर्डिंग आहे, वीस मिनिटं चालवून आणल्यानंतरचं.

[इंजिनचा आवाज, साधारण वीस सेकंद]